फिलाडेल्फियातलं जुनं घर : विटांचे पोपडे सुटतायत, सिमेंट भरून घेऊ का?

फिलीकर
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी दक्षिण फिलाडेल्फियात आम्ही जुनं रो-हाउस घेतलं. बांधकाम 1885 च्या सुमाराचं. तीन मजले, दारात पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या. पुढच्या भिंतीच्या विटा गुळगुळीत आणि दर्जा (दोन विटांमधले मालाने भरलेले सांधे) इतक्या बारीक की जेमतेम तीन मिलिमीटर. मागची भिंत साध्या विटांची, आणि अडचण तिथेच आहे. आधीच्या मालकांनी तिच्या दर्जा करड्या सिमेंटने भरून घेतल्या होत्या. आता विटांची तोंडं गळून पडतायत. थंडी संपली की मागच्या अंगणात लाल भुकटीचा थर. सिमेंट मात्र जसंच्या तसं उभं आहे, विटा आत गेल्यात; भिंत रिकाम्या पोळ्यासारखी दिसते.

ठेकेदार म्हणतो, ग्राइंडरने सगळ्या दर्जा कापतो, नवं पक्कं सिमेंट भरतो आणि वरून पाणी न शिरणारं कोटिंग मारतो. आईचंही मत सिमेंटच्याच बाजूने. कुणाला अशा घरांचा अनुभव आहे का?

विटांची_वैद्य
आगाऊ रक्कम दिली नसेल तर कृपा करून देऊ नका.

मी बाल्टिमोरमध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते आणि तुम्ही वर्णन केलेली भिंत मी अनेकदा पाहिली आहे. दर्जेतला माल विटेपेक्षा मऊ हवा, ही काळ्या दगडावरची रेघ. त्या काळातल्या साध्या विटा मऊ, सच्छिद्र. पाऊस त्यांच्यात मुरणारच. चुन्याची दर्ज असेल तर ती ओल दर्जेतून बाहेर पडते, झीज होते ती दर्जेची, आणि काही दशकांनी दर्ज पुन्हा भरता येते. पोर्टलँड सिमेंट, म्हणजे आजचं नेहमीचं करडं सिमेंट, ओल अडवतं. मग पाणी विटेतूनच बाहेर यायला बघतं, पृष्ठभागाच्या जरा आत साचतं, थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रा उडवतं. क्षारांचंही तेच, आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तसं. वरून कोटिंग मारलंत तर उरलीसुरली वाटही बंद.

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये 1824 चं. अमेरिकेत डेव्हिड सेलर यांनी ते तुमच्याच पेनसिल्व्हेनियात, कोप्ले गावी बनवायला घेतलं, त्यांचं पेटंट 1871 चं. पण 1885 मध्ये साध्या घराच्या गवंड्याच्या घमेल्यात चुना आणि वाळूच असायची. खात्री करायची असेल तर न छेडलेल्या जागेवरचा जुना माल किल्लीने खरवडा. बोटांत चुरगळला आणि व्हिनेगरमध्ये टाकल्यावर बुडबुडे आले, तर चुना.

ग्राइंडर अजिबात नको, निदान उभ्या दर्जांना तरी. त्या एका विटेच्या उंचीच्या असतात, पातं वरखालच्या विटेत घुसतंच. छिन्नी-हातोडीने काढायला सांगा, खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट. जिथे सिमेंट विटेला इतकं चिकटलंय की काढताना विटेची कड तुटते, तिथे ते राहू द्या. आणि तोंड गेलेली वीट फेकू नका! अलगद सुटली तर उलटी फिरवून बसवता येते, आतली बाजू बहुधा कोरी असते.

शिकागोचा_सतीश
आमच्या घराला नेहमीच्या सिमेंट मिश्रणानेच दर्जा भरल्या, काही झालेलं नाही. ताई जरा जास्तच घाबरवतायत असं वाटतं.

विटांची_वैद्य
सतीश, घर कधीचं?

शिकागोचा_सतीश
1956.

विटांची_वैद्य
मग बरोबरच केलंत. तोवर विटा कडक भाजलेल्या आणि मूळ मालही सिमेंटचा. फिलीकरांच्या विटेला तोच माल मारक ठरतो.

वाईकर_गवंडी
आमच्या आजोबांपर्यंत घरात चुन्याचंच काम. कळीचा चुना विझवायचा, मुरवायचा, मग बैल जुंपून चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळायचा. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर घालत. वाड्यांच्या भिंतींवर आता सिमेंटचा गिलावा करतात आणि वर्षा-दोन वर्षांत फुगलेला दिसतो, फार वाईट वाटतं. तिकडे चुना तयार मिळतो का? त्यात काही घालतात?

विटांची_वैद्य
दादा, मिळतो. मुरवलेला लोणी-चुना बादलीत येतो, आणि ओलीतही घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना पोत्यात. गूळ-बेल कुणी घालत नाही. इथे सगळा भर वाळूवर, कारण दर्जेचा रंग आणि पोत वाळूच ठरवते. मूळ मालातला चुना आम्लात विरघळवून उरलेली वाळू बघतात आणि तशीच शोधतात. हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग.

माणसं मिळणं मात्र कठीण. 1989 च्या ह्यूगो वादळानंतर दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनमध्ये जुनी घरं दुरुस्त करायला जाणते कारागीरच पुरेनात, त्यातून तिथे बांधकाम-कारागिरीचं कॉलेज उभं राहिलं.

फिलीकर
ठेकेदाराला नकार कळवला. नवा गवंडी निवडताना काय विचारू? आणि सरकारी मदत मिळते का?

विटांची_वैद्य
आधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (ही केंद्राची संस्था जुन्या वास्तूंचं जतनही बघते) जतनावरच्या टिपणांपैकी दुसऱ्या क्रमांकाचं वाचा, दर्जांवरच आहे, फुकट मिळतं. मग विचारा : चुन्यात केलेलं जुनं काम दाखवाल का? हातभर जागेवर नमुना करून द्याल का? तो वाळला की रंग बघूनच पुढचं ठरवा. केंद्राची 20 टक्के करसवलत उत्पन्न देणाऱ्या वास्तूंना असते, स्वतः राहत्या घराला नाही. घर शहराच्या हिस्टॉरिकल कमिशनच्या यादीत असेल तर काम सुरू करण्याआधी परवानगी लागेल.

पुढची भिंत सध्या शाबूत आहे, तिला हात लावू देऊ नका. तीन मिलिमीटरच्या दर्जा पुन्हा भरणं हे वेगळंच कसब आहे. मागचं काम वसंतात सुरू करून सप्टेंबरात संपवा. भरलेल्या दर्जांवर ओलं गोणपाट टांगून ठेवा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि त्याआधी गोठला तर सुटून येतो. पारा चार अंश सेल्सियसच्या खाली जाण्याची शक्यता असेल त्या आठवड्यात गवंड्याला बोलावूच नका. मागच्या भिंतीचे फोटो टाका, कुठल्या विटा फिरवता येतील ते सांगते.