साथीत रुग्ण कुठे कुठे फिरला, हे जाहीर करावं का?

कोथरूडकर:
माझं मत, करावं. दक्षिण कोरियात २०१५ साली मर्सचा (कोरोना जातीच्याच विषाणूचा श्वसनरोग) पहिला रुग्ण २० मेला सापडला, पण सरकारने इस्पितळांची नावं ७ जूनपर्यंत दाबून ठेवली. तोवर लोक एका इस्पितळातून दुसऱ्यात जात राहिले. १८६ जणांना लागण, ३८ मृत्यू. मग कायदा बदलला. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा रुग्णांचं मोबाइल लोकेशन, कार्डाचे व्यवहार, सीसीटीव्ही सगळं लावून माग काढला आणि लोकांना सांगितला.

सानिका_मि:
इस्पितळाचं नाव सांगणं वेगळं आणि माणसाचं वय, लिंग, तो कुठे जेवला हे सांगणं वेगळं! कोरियात सुरुवातीला हेही छापलं, आणि ओळखीच्यांनी माणसं हुडकून काढली. २०२०च्या मेमध्ये सोलमधल्या इतेवोन भागातल्या क्लबांतून साथ पसरली. त्यातले काही समलिंगी लोकांचे, अशा बातम्या आल्या आणि लोक फोनच उचलेनात. सोलने नाव न विचारता तपासणी सुरू केली, तेव्हा कुठे लोक पुढे आले.

कोथरूडकर:
आणि सोलशेजारच्या इंचॉन शहरातला तो शिक्षक? त्याच क्लबांतून आला आणि तपासनिसांना म्हणाला, "मी बेकार आहे." लोकेशन पाहिल्यावर शिकवण्या उघड झाल्या. तोवर विद्यार्थ्यांना लागण झालेली, त्यांच्यामुळे कराओकेत एका टॅक्सीवाल्याला. हा टॅक्सीवाला समारंभांत फोटोही काढायचा, त्यामुळे पुढे एका बाळाच्या वाढदिवसाच्या जेवणापर्यंत. शिक्षकाला सहा महिन्यांची कैद झाली, योग्यच झालं.

सानिका_मि:
ते लोकेशन तपासनिसांना मिळालं, गावाला नव्हे. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे. बोभाट्याच्या धास्तीनेच माणूस खोटं बोलतो.

वॉर्डातली_ताई:
२०२० मध्ये मी घरोघरी फिरले आहे. लक्षणं दिसण्याआधीच्या दोन दिवसांपासून कोण कोण भेटलं, हे विचारायचं असायचं. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर आपल्याकडे शिक्का मारत होते ना, तेव्हा एका घरी "बाहेरून कुणी आलं नाही" ऐकलं, आणि पॅसेजमध्ये बॅगेला विमानाचा टॅग तसाच लटकत होता. मी टॅगबद्दल चकार शब्द काढला नाही. पाणी मागितलं, बसले, कुणालाही नाव सांगणार नाही म्हटलं. मग त्यांनीच यादी दिली, भाजीवाल्यासकट. दारात पोलीस उभा असता तर मिळाली असती?

कोथरूडकर:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण बसमध्ये शेजारी बसलेल्याचं नाव कुणाच्याच यादीत नसतं. त्याला कळवणार कसं?

वॉर्डातली_ताई:
बसचा नंबर आणि वेळ जाहीर करा, माझी हरकत नाही. वय, लिंग, सोसायटी कशाला? कोरियानेही पुढे हेच केलं: सगळे संपर्क सापडले असतील तर ते ठिकाणसुद्धा छापायचं नाही.