मदत हवी आहे: न्यूरोसार्कॉइडोसिसमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज

नमस्कार मंडळी, माझ्या मोठ्या बहिणीला न्यूरोसार्कॉइडोसिस आहे (सार्कॉइड म्हणजे शरीरात सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार, तो मेंदू-नसांमध्ये झाला की हे नाव), सुरुवात तोंडाची एक बाजू वाकडी होण्यापासून झाली, मग छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी दिसल्या आणि बायोप्सीत सार्कॉइड निघालं. स्टेरॉइडवर बरी होती, पण डोस कमी करत आणला आणि एके दिवशी बोलताना शब्दच सापडेनात, उजवा हात जड. एमआरआयमध्ये मेंदूत खोलवर २ छोटे स्ट्रोक आलेत. डॉक्टर म्हणतात की या आजाराच्या गाठी बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवतीच वाढतात, त्यामुळे भिंतीला सूज येऊन आतली वाट अरुंद होते, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस. अँजिओग्राफी मात्र नॉर्मल! आम्ही चक्रावलोच, पण इतक्या बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत म्हणे.

आता स्टेरॉइडचा डोस परत वाढवलाय, सोबत मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), आणि इन्फ्लिक्सिमॅबचा (शिरेतून देतात ते सूज कमी करणारं औषध) विचार चालू आहे, त्याआधी टीबीची तपासणी करतायत कारण दबलेला टीबी त्या औषधाने उफाळू शकतो. स्टेरॉइडमुळे साखर वाढलीय, झोप नाही, चिडचिड तर विचारूच नका (बिचारी आधी किती शांत होती).

कुणाच्या घरी असं झालंय का? इन्फ्लिक्सिमॅबने फरक पडायला किती वेळ लागला? रक्त पातळ करायची गोळी दिली होती का, कारण आमच्याकडे दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत, एकजण म्हणतात सूज आटोक्यात आणणं हाच मुख्य इलाज आणि वाहिनी नाजूक असेल तर रक्तस्रावाचीही भीती. व्हेसल वॉल एमआरआय (रक्तवाहिनीच्या भिंतीची सूज बघायचा) कुणी केलाय का? स्पीच थेरपी लगेच सुरू केली की थांबलात, तेही सांगा प्लीज.