मदत हवी आहे: पी-बास बॉडीत पॅसिव्ह आणि अॅक्टिव्ह पिकअप एकत्र

मंडळी, सुट्या भागांतून चार तारांचा बास गिटार जुळवतोय. बॉडी प्रिसिजन (पी-बास) पद्धतीची, नेक म्हणजे दांडा जॅझ बासचा (स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, ३४ इंच; नट, म्हणजे वरच्या टोकाची खाचांची पट्टी, ३८ मिमी). नेकची टाच (बॉडीत बसणारं टोक) ६३.५ मिमी रुंद आणि बॉडीतला तिचा खाचा ६२. टाच घासली तर फिंगरबोर्डची कड जाते, म्हणून खाचाच दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मिमी वाढवणार. ब्रिजची (बॉडीवर तारा अडकवायच्या पट्टीची) भोकं पाडण्याआधी बाराव्या फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून) सर्वांत बारीक ‘जी’ तारेच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवरच्या तिच्या आधारापर्यंत) ४३१.८ मिमी मोजेन, आणि सर्वांत जाड ‘ई’ तारेचं सॅडल आणखी चारेक मिमी मागे जाईल एवढी जागा ठेवेन. बाहेरच्या दोन तारांच्या जागी दोरा ताणून मध्यरेषाही तपासेन. इथवर ठीक आहे.

खरी अडचण वायरिंगची. पुढे पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारा) पी पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग; ब्रिजजवळ ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅक्टिव्ह सोपबार पिकअप; दोघांना वेगळा व्हॉल्यूम. व्हॉल्यूमसाठी २५के (किलोओम) पॉट, म्हणजे फिरवायचे रोधक, लावले तर पॅसिव्हवर भार येऊन आवाज बारीक होतो आणि वरचे स्वर मरतात. २५०के लावले तर अॅक्टिव्हचा व्हॉल्यूम बटणासारखा एकदम चालू-बंद होतो. म्हणून पॅसिव्हच्या मागे १ मेगओम इनपुटचा एफईटी बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट) टाकून पुढे सगळीकडे २५के ठेवायचा विचार आहे. बॅटरीचं ऋण टोक स्टिरिओ जॅकच्या रिंगला, ब्रिजची अर्थिंग वायर पॅसिव्हसाठी कायम.

प्रश्न असे: बफरनंतरही दोन्ही पूर्ण उघडल्यावर पातळी जुळते का, की बफरला थोडा गेन (सिग्नलची वाढ) द्यावा? आणि फेज उलटी निघाली (दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना मारू लागले) तर पॅसिव्हच्याच दोन वायरी बदलायच्या ना? कुणी असं जोडलं असेल तर सर्किटचा आराखडा कृपया टाका.