चर्चच्या मंडळीने स्वतःचं बालगृह काढावं का, की मुलं घरातच राहतील असं काही करावं?

भायखळाकर77:
सर्वांना सलाम. आमची भायखळ्याची मराठी मंडळी दर नाताळला एका बालगृहात केक, कपडे घेऊन जाते, मुलं गाणी म्हणतात, फोटो होतात, आपण परत. आता कर्जतकडे एकाने जागा देऊ केलीय तर कमिटीतले काहीजण म्हणतात आपलंच बालगृह काढू, नावसुद्धा ठरलंय 😅 तेवढ्यात मंडळीतलीच एक ताई, नवरा मागच्या वर्षी गेला, स्वयंपाकाची कामं करते, ती पाळकांना (पास्टरना) म्हणाली दोन्ही मुलांना कुठेतरी होस्टेलला टाका, भाडं आणि फी दोन्ही झेपत नाही. तर कमिटीत एकजण म्हणाला, बघा, पहिली दोन मुलं मिळाली! ते मला अजिबात पटलं नाही पण मीटिंगमध्ये बोलायला मुद्दाच सुचेना. काय बोलू?

मानखुर्द_लोकल:
दादा बायबलमधलं याकोब 1:27 काढा आणि त्यांच्यासमोरच वाचा, अनाथ आणि विधवा दोघं एकाच वाक्यात आहेत, त्यांच्या संकटात समाचार घ्या म्हटलंय, मुलं उचलून आणा असं कुठेय? आई धडधाकट आहे, अडचण भाड्याची आहे, तर भाडं भरा ना. स्लॅब टाकायला पैसे आहेत आणि भाड्याला नाहीत, हे कसलं गणित 🙄

मी बालकांच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून सांगते, बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे नोंदणी नसताना बालगृह चालवणं गुन्हा आहे, आणि मुलं ठेवायची तर बाल कल्याण समितीच्या आदेशाने, कमिटीच्या ठरावाने नाही. त्या ताईसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची, एक पालक गेला असेल तरी चालते, मुलामागे महिना 2,250 रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये स्पॉन्सरशिप, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मदत, महिना 4,000 आहे पण त्याला शहरात वर्षाला 96,000 ची उत्पन्न मर्यादा. पैसे वेळेवर येतीलच असं नाही, अडकतात, तेवढे महिने मंडळीने सांभाळायचं. हे काम कर्जतच्या बिल्डिंगपेक्षा कमी दिसतं, फोटो निघत नाही त्याचा.

होस्टेलचा_पोरगा:
मी दुसरीपासून दहावीपर्यंत एका मिशन होस्टेलला होतो, नाव नको. शिकलो तिथेच, आज नोकरी आहे, उपकार नाकारत नाही. पण पाहुणे आले की आम्हाला इस्त्रीचे कपडे मिळायचे, "येशू मजवर प्रीती करतो" म्हणायचं, पाहुणे गेले की कपडे परत पेटीत. माझी आई जिवंत होती हो. ती सुट्टीत न्यायला यायची तेव्हा पहिले दोन दिवस मी तिला "मॅडम" म्हणायचो, वॉर्डन मॅडमची सवय. ती काही बोलायची नाही, भाकरी वाढायची. आमच्यातल्या बहुतेकांचं कोणी ना कोणी होतं, आजी नाहीतर मामा, फक्त पैसे नव्हते.

वसईचा_बावा:
सगळ्याच संस्थांना एका काठीने हाणू नका रे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली केडगावला आणल्या नसत्या तर त्या मेल्या असत्या, तिथे कुठलं कुटुंब शोधणार होते? आणि नातेवाईक म्हणजे देवदूत नसतात, काकाच मारतो, काकीच कामाला जुंपते अशा केसेस मी स्वतः पाहिल्यात.

मानखुर्द_लोकल:
बरोबर काका, म्हणूनच मी "कुठल्याही घरात" म्हणत नाहीये. घर तपासायचं, नंतरही जात राहायचं. पण क्रम बघा: आधी स्वतःची आई, मग आजी-मावशी, ते नाहीच तर दत्तक किंवा फॉस्टर केअर (काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळ), आणि बालगृह सगळ्यात शेवटी. बायबलमधल्या एस्तेरला आईबाप गेल्यावर मर्दखयाने, चुलतभावानेच सांभाळलं ना. लहान बाळांचं तर फारच गंभीर आहे, रोमानियात बुखारेस्टला 2000 पासून अनाथालयातल्या बाळांचा अभ्यास झाला, साधारण दोन वर्षांच्या आत फॉस्टर कुटुंबात गेलेली पोरं पुढे जास्त सावरली.

माहीमची_मावशी:
आम्ही दोघं फॉस्टर केअरचा विचार करतोय. पूर्वी ख्रिस्ती लोकांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, आता बाल न्याय कायद्याने पूर्ण दत्तक घेता येतं. फॉस्टर वेगळं, मूल स्वतःच्या घरी परत जाऊ शकतं, मनाची तयारी पाहिजे. आणि एक स्पष्टच बोलते, मूल आपल्या घरी जेवायला-झोपायला-शाळेत जायला येतं, बाप्तिस्म्याला नाही. त्याचा धर्म, त्याच्या घरची माणसं तशीच राहू द्यायची. हे ज्याला जमत नाही त्याने फॉर्मच भरू नये.

भायखळाकर77:
थँक्यू सगळ्यांना, रविवारी उपासनेनंतर मीटिंग आहे, भाडं आणि फीचा ठराव मीच मांडतो. होस्टेलवाल्या भावा, तुझं लिहिलेलं नाव न घेता वाचून दाखवलं तर चालेल का? आणि मानखुर्दवाल्या ताई, बालसंगोपनचा फॉर्म नक्की कुठे मिळतो?

मानखुर्द_लोकल:
जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालय. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांचे आधार, मुलांचं शाळेचं बोनाफाईड आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. ताईला एकटीला पाठवू नका, तिचा दिवसाचा पगार बुडतो, कोणीतरी सोबत जा.

होस्टेलचा_पोरगा:
वाच रे. मॅडमवालं पण वाच.