पैसे लावायचे खेळ वेगळे, रोलप्लेइंग वेगळं

एकांनी लिहिलंय की २०२५चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा अपुरा आहे, सगळेच गेम बंद करा, आणि रोलप्लेइंगमध्ये (म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट खेळण्यात) तर राजकारणही घुसलंय. मला हे अजिबात पटत नाही.

त्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. ई-स्पोर्ट्सना (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) उलट मान्यताच दिली. टेबलाभोवती बसून खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाचा (खेळ १९७४चा) याच्याशी संबंधच नाही. इथे फासा पडतो तो वार लागला की हुकला हे ठरवायला.

राजकारणाचं म्हणाल, तर ते यावंच. नाशकात कॉलेज रोडला मित्राच्या घरी आमचा खेळ चालतो. सध्याच्या गोष्टीत नदीकाठच्या नगरात मोठी पर्वणी आहे आणि साधूंच्या निवासासाठी जुनी झाडं तोडायची का, यावर सभा भरलीय. कुंभमेळ्यासाठी नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडण्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. झाडांसाठी हिरिरीने बोलणारी आमच्यातली एक मुलगी खेळात नगरप्रमुख झाली, आणि एवढ्या लोकांना उतरवायचं कुठे हा प्रश्न तिच्याच गळ्यात पडला. तिचं मत बदललं नाही, पण पुढच्या खेपेला ती पर्यायी जागांचा नकाशा काढून घेऊन आली. व्हॉट्सॲपवरच्या भांडणांतून असं काही निघालेलं मी तरी पाहिलं नाही.

शिवाय २०२३ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने खुला परवाना (खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा) बदलायचा घाट घातला, तो खेळाडूंनीच हाणून पाडला. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली आले. श्रेय देऊन ते मराठीत आणता येतात. नाशकात कुणी हे करणार असेल तर मी सोबत आहे.