नैराश्यासाठी आपला आपण करायचा ऑनलाइन कोर्स: उपयोग होतो का?

राजापूरची
नमस्कार. दादासाठी विचारतेय. मुंबईची नोकरी सोडून तो गावी कलमं बघतो. गेल्या पावसापासून गप्प झालाय, झोप नाही, बागेत पाऊल टाकावंसं वाटत नाही म्हणतो. रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवलं. सौम्य नैराश्य आहे, गोळ्या सध्या नकोत, समुपदेशन घ्या म्हणाले. पण दर आठवड्याला रत्नागिरी म्हणजे अख्खा दिवस एसटीत. शिवाय वाडीत कळायला नको हा त्याचा हट्ट. त्यानेच सीबीटीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) एक ऑनलाइन कोर्स शोधलाय, इंग्रजी त्याला जमतं. अशाने खरंच बरं वाटतं का? कुणी केलाय का?

खाडीपल्याड
ताई, मी समुपदेशक आहे. उपयोग होतो, पण माफक. 2017 मध्ये 'जामा सायकायट्री'त 13 चाचण्यांतल्या 3,876 लोकांची माहिती एकत्र तपासली होती. असा कोर्स आपला आपण करणारे इतरांपेक्षा जास्त सुधारले, मात्र फरक लहान होता. त्याच नियतकालिकात 2021 मध्ये याहून मोठा अभ्यास आला. मध्यम आणि तीव्र नैराश्यात सोबत मार्गदर्शक असेल तर फायदा जास्त, सौम्य असेल तर एकट्याने केलं तरी जवळपास तेवढाच फायदा. म्हणजे दादांसाठी हा मार्ग योग्य आहे.

खरी अडचण म्हणजे लोक मध्येच सोडतात. ब्रिटनमध्ये 691 रुग्णांवर 'मूडजिम' आणि 'बीटिंग द ब्लूज' हे असेच दोन ऑनलाइन कोर्स तपासले (2015). नेहमीच्या डॉक्टरी उपचारांपेक्षा काही जास्त मिळालं नाही. सगळे धडे पूर्ण करणारे पाचात एकही नव्हते. नैराश्यात उठून तोंड धुणंच जड जातं, तिथे स्वाध्याय कोण लिहिणार?

दापोलीकर
अनुमोदन. मी केला होता. वाचून फार काही झालं नाही, लिहिल्यावर झालं. काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, दुसरा अर्थ निघतो का, हे वहीत रोज लिहायचं. दुसरं म्हणजे बरं वाटेल तेव्हा काम करू असं म्हणायचं नाही. ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम, मन असो नसो. दादांना सांगा, सकाळी दोन कलमांपर्यंत जाऊन या, बास. पावसात लाईट जाते, रेंजसाठी सड्यावर जावं लागतं, म्हणून धडे आधीच उतरवून ठेवा.

राजापूरची
खूप आभार दोघांचे. सोबत मी केली तर चालेल? मी पुण्यात असते, शिकलेली नाही यातलं.

खाडीपल्याड
चालेल, फक्त सल्ले देऊ नका. दर रविवारी फोन करून वहीत काय लिहिलं ते वाचायला सांगा आणि ऐका. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचं आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवलं आणि त्यांनी रुग्णांना, दापोलीकर म्हणतात तशी, ठरवून कामं करायला लावली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली निकाल आले, तीव्र नैराश्यातही लोक सुधारले. ती माणसं प्रशिक्षित होती, त्यांच्यावर देखरेख होती, हे लक्षात असू द्या.

मराठीतून ऐकायचं असेल तर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. आईवडिलांनाही दाखवता येतील.

आणि पीएचक्यू-9 ही नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली आत्ता आणि महिन्याने पुन्हा भरून घ्या. आकडा वाढला तर कोर्स पुढे रेटू नका, डॉक्टरांकडे जा. नवव्या प्रश्नात मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार विचारतात. तिथे शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, तर त्याच दिवशी बोला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं.

राजापूरची
प्रश्नावली आजच पाठवते त्याला. नववा प्रश्न फोनवर मीच विचारीन, लिहून घेणार नाही.