कॅटनिसने केला तो त्याग, की नुसती झेप?

कपाटकाकू:
डोंबिवलीत आमच्या सोसायटीत दोन कपाटांचं वाचनालय आहे, ते मी बघते. काल नववीतली एक मुलगी ‘हंगर गेम्स’ कादंबरीचा पहिला भाग परत द्यायला आली. त्यात दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुलामुलींना एकमेकांना मारायच्या खेळात पाठवतात. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, "काकू, सगळे म्हणतात कॅटनिसने बहिणीसाठी त्याग केला. पण तिने विचार कुठे केला? विचार न करता केलेला त्याग कसला?" मला उत्तरच सुचेना. त्या नादात रजिस्टरमध्ये तारीखसुद्धा चुकीची टाकली.

रात्री तो प्रसंग पुन्हा वाचला. चिठ्ठी निघते, कॅटनिसच्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं नाव पुकारतात, बारा वर्षांची पोर स्टेजकडे चालू लागते. कॅटनिसला दिसतं काय, तर तिच्या ब्लाउजचं मागचं टोक स्कर्टबाहेर आलंय. सकाळीच तर हिने ते नीट करून दिलेलं असतं! तेवढं दिसतं आणि ही धावते, तिच्या जागी मी जाते म्हणते. म्हणजे मुलीचं बरोबरच. मग मला रडू का आलं?

हिशेबी_वाचक:
काकू, विचार चार वर्षं आधीच झालाय. चिठ्ठ्या मोजा. वर्षभराचं एका माणसाचं धान्य-तेल हवं असेल तर ड्रॉमध्ये आपल्या नावाची एक चिठ्ठी वाढवायची, आणि जुन्या चिठ्ठ्या काही कमी होत नाहीत. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या २०, अठराव्या वर्षी तिच्या मित्राच्या, गेलच्या ४२. प्रिमची १, कारण कॅटनिसने तिला धान्यासाठी नाव वाढवूच दिलं नाही. रेशनच आहे हे, फक्त किंमत जिवाची. आणि निघते कुठली चिठ्ठी, तर ती एकच!

तिच्याबरोबर ज्याची चिठ्ठी निघते त्या पीटाचं बघा. एका भावाचं वय उलटून गेलंय, दुसरा पात्र असून गप्प उभा राहतो. त्याला कोणी नावं ठेवत नाही, तिथे तीच रीत. ही रीत मोडते म्हणून लोक थक्क होतात.

एकचक्रानगरी:
लेखिका कॉलिन्सबाईंना मुलं पाठवायची ही कल्पना थिसिअसच्या ग्रीक कथेवरूनही सुचली: अथेन्सने क्रीटच्या राक्षसापुढे सात मुलगे, सात मुली पाठवायच्या. मला मात्र वाचताना बकासुर आठवत होता. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. ब्राह्मणाच्या घरी पाळी येते तेव्हा बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला कधीतरी परक्या घरी द्यायचंच आहे, आत्ताच द्या. आणि बोबडं बोलणारं पोरगं गवताची काडी घेऊन राक्षसाला मारायला निघतं. रडत्या घरात सगळ्यांना हसू फुटतं! लहानपणी आम्हाला भीमाचं जेवणच रंगवून सांगत, ही काडी कोणी सांगितलीच नाही. (कुंतीचा त्याग मी धरत नाही. भीमाला काही होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.)

रात्रपाळी:
शेवटी कॅटनिस आणि पीटा दोघंही विषारी बोरं खायला निघतात, त्याला तर त्याग म्हणूच नका. ती धमकी आहे. विजेता नसेल तर खेळ भरवणाऱ्या राजधानीचा, कॅपिटलचा तमाशाच फसतो, हे कॅटनिसला बरोबर कळलेलं असतं. बाकी तिसऱ्या भागात प्रिमचं जे होतं...

हिशेबी_वाचक:
अहो, शेवट फोडू नका! त्या मुलीला अजून दोन भाग वाचायचेत.

कपाटकाकू:
आज ती परत आली. चिठ्ठ्यांचा हिशेब सांगितला, तो तिला पटला. गवताच्या काडीला हसली. मग एकदम म्हणाली, "पण काकू, पीटाचा भाऊ वाईट का?" मी म्हटलं, नाही गं. तिला चौथीतला धाकटा भाऊ आहे, खाली सायकल फिरवत होता, घंटी वाजवून वाजवून डोकं उठवलं होतं त्याने. खिडकीतून त्याच्याकडे बघत म्हणाली, "मी बहुतेक गप्पच उभी राहीन." मी रजिस्टर पुढे केलं, तिने सही केली आणि दुसरा भाग घेऊन गेली. तारीख या वेळी नीट टाकली.